कामोनी समजून दिलेली फळं

अनसिंगजवळच्या आमच्या गावात आमच्याकडे एक गुंठाही जमीन नव्हती. बाबा सालदार, माय लोकांच्या शेतात निंदायला जायची. बहात्तरच्या दुष्काळात ज्वारी मिळेना, तेव्हा बांधावर उगवणाऱ्या कामोनीचा पाला शिजवून मायनं आम्हा पाच जणांना जगवलं. कावीळ झालेली माणसंही तिच्याकडेच येत. कामोनीचा पाला आणि पिकलेली काळी फळं, हेच तिचं औषध. घराण्यातला पहिला बी.ए. मीच. पदवी घेतली आणि पलटणीत भरती झालो. दोन्हींचा अभिमान होता. आजही आहे.

दोन वर्षांनी पोस्टिंग काश्मीरला झालं. देवदारांच्या जंगलात चौकी. मी रेडिओ ऑपरेटर. आपल्या भागातला एकच सोबती, इंझोरीचा लान्स नायक किसन. पहाटे हत्यारं घेऊन स्टँड-टू, गस्त, रेडिओ चेक, लंगरमधलं जेवण. दिवस सारखेच जायचे.

एका सकाळी किसन जवळ आला.

"बी.ए., मायी लघवी हळदीवानी होऊन राह्यली. डोये पाय."

डोळे पिवळे होते.

"सिक रिपोर्ट कर."

"येडा हायस काय? हॉस्पिटलात टाकतीन. सोमवारी सुट्टीवर निघाचं हाय. पोराचं तोंडई पाह्यलं नाही अजून. तुयी माय काय देते, ते दे."

ओढ्याकाठी झुडूप सापडलं. काळी, चकचकीत फळं. आपल्याकडची कामोनी मिरीएवढी, झुपक्यानं लागते. ही बोराएवढी, एकेक सुटी, प्रत्येकीखाली पाच पानांची हिरवी चांदणी. फरक मला दिसला होता. थंड मुलखात फळ मोठं होत असेल, असं मीच मला समजावलं. शिकलेल्या माणसाला कारण लवकर सापडतं.

"कामोनीच हाय नं?" किसननं विचारलं.

"हाय. मायनं शिकवलं मले."

"मंग खातो. कॉलेजानं शिकवलं असतं तं फेकून देलं असतं."

१४०० वाजता त्यानं ओंजळभर फळं खाल्ली. १५०० ला तोंड कोरडं पडलं, चेहरा लाल झाला. बुबुळं पसरून डोळे काळेच दिसायला लागले. तो मला ओळखेना. हवेतच कासरे ओढत बैलांना हाका मारत होता. कावीळ डोक्यात गेली, की उंचीचा त्रास, की फळं? मला काही उमजेना.

१५१० ला रेडिओवर खालच्या तळावरचे डॉक्टर कॅप्टन साहेब आले.

"क्या खाया? ओव्हर."

"लंगर का खाना, साहब. ओव्हर."

असं का बोललो, सांगता येत नाही. चाळीस मिनिटांनी किसनला झटके आले. मी पुन्हा सेट उचलला.

"साहब, जंगली फल खाया. मैंने दिया. ओव्हर."

"तुरंत नीचे लाओ. आउट."

१६०० ला स्ट्रेचर निघालं. १८२० ला, वाटेतच, किसन गेला. ती चाळीस मिनिटं वाया गेली नसती तर वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "कह नहीं सकता." कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सगळं सांगितलं. शिक्षा झाली, ती भोगली.

सुट्टी मिळताच इंझोरीला गेलो. त्याच्या घरी आलेल्या तारेत 'विषबाधेने मृत्यू' एवढंच होतं. गावानं त्याचा अर्थ लावला होता, किसननं स्वतःच जहर घेतलं. त्याच्या अंगणात माणसं जमली. वडील बाजेवर बसले होते. बायको सुशीला पोराला घेऊन दारात उभी होती. मी उभ्यानंच सांगितलं.

"फळं मी देल्ली. त्यानं माया भरवशावर खाल्ली. त्याले घरी याचं होतं."

सुशीलानं विचारलं, "तुमाले पक्कं माहीत नोतं, तं देल्लं काहून?"



बाजेवरून म्हातारा म्हणाला, "सुशीले, त्याले पाणी दे."

लान्स नायक किसन, राहणार इंझोरी. लढाईत पडला नाही, पण ड्युटीवर असताना गेला. त्यानं जहर घेतलं, असं त्या दिवसानंतर इंझोरीत कुणी म्हटलं नाही.