आप्पांच्या अँबॅसिडरचा आवाज

‘आवाज’ हा शब्द फारसीतून आला आणि मराठीत त्याने फार कामे अंगावर घेतली. ध्वनी, नाद, स्वर, गोंगाट ही सारी निराळी माणसे. आपण मात्र सर्वांना एकाच नावाने हाक मारतो. या एका गफलतीतून आमच्या लोहारा गावच्या कट्ट्यावर किश्श्यांचा ढीग साचला. ढिगाचे मालक शिवलिंगआप्पा, किराणा व्यापारी, आणि त्यांची जुनी अँबॅसिडर.

आप्पांचा डावा कान मंदावला होता. गाडी ते स्वतः चालवतात. त्यांची बायको, आमच्या काकू, डावीकडे बसतात. घरात माणसे, दुकानात गिऱ्हाईक, त्यामुळे दोघांच्या खऱ्या गप्पा आयुष्यभर त्या गाडीतच झाल्या. आता इंजिनाच्या घरघरीत काकूंचे बोलणे पोहोचेना, म्हणून काकूंनी बोलणेच कमी केले. आप्पांना तेवढेच सलत होते.

डॉक्टरांनी कानात घालायचे यंत्र दिले. पहिल्याच फेरीनंतर आप्पांनी ते खिशात टाकले आणि मला म्हणाले,

“इंजिन लई जवळ आलं, गुरुजी. बायको हाय तिथंच हाय.”

*

मग गाडीत साउंड सिस्टीम बसवायचे ठरले. काकूंचे बोलणे स्पीकरमधून यावे, हा आप्पांचा बेत. पण दुकानात ‘बायकोचा’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. सोलापुरात ते एवढेच म्हणाले, “गाडीत आवाज पायजे.”

दुकानदाराने पिंपाएवढा वूफर लावून दाखवला. काचा थरथरल्या.

“कसा वाटला, काका?”

“पोटात आला. कान जरा वर हायेत.”

बाहेर येताच मी सुचवले, “आप्पा, आवाज म्हणू नका, स्वर म्हणा.” पुढच्या दुकानात त्यांनी स्वर मागितला. हार्मोनियमवाला पलीकडच्या गल्लीत बसतो, असे आम्हांला अदबीने सांगण्यात आले.

*

अखेर काम रफिककडे आले. रफिक म्हणजे आमच्या कट्ट्याशेजारचा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. त्याला मोठ्या पडद्याचा टेप बसवायची हौस.

“आप्पा, डॅशबोर्ड थोडा कापावा लागतोय.”

“आधी तुझं नाक थोडं काप. मग बघू.”

जुन्या खाचेत बसेल असा अरुंद टेप शोधावा लागला.

*

अँप्लिफायर मात्र रफिकने हौसेने मोठाच जोडला. जुन्या गाडीचा डायनामो तो; तेवढी वीज कुठून आणणार? गाण्यातल्या ढोलकीवर थाप पडली की हेडलाइट मिटायला लागले. कट्ट्यावर दत्तूभाऊ होते, एसटीचे निवृत्त चालक. ते म्हणाले, “आप्पा, तुमची गाडी बायाबापड्यांना डोळा मारतीया. आमच्या डेपोत यावर सस्पेंड करत होते.”

अँप्लिफायर लहान आला.

*

सगळे जुळल्यावर रफिकने गाणे लावले आणि काकूंना विचारले, “काकू, आवाज येतोय न्हवं?”

“गाण्याचा लई चांगला येतोय,” काकू म्हणाल्या. “माझा यांना येतोय का, ते विचार.”

रफिकने गाणे बंद केले. आप्पा स्टिअरिंग पुसू लागले.

“असं व्हय?” रफिक म्हणाला. “आप्पा, मग इतके दिवस मला टेप कशाला बसवायला लावत होता?”

“तू कुणाचा आवाज ते कुठं विचारलंस?”

त्याच दिवशी काकूंच्या बाजूला, ऊन अडवायच्या झडपेला, बारीक माइक लागला. स्पीकर जवळच असल्याने तो शिट्टी मारू लागला, तेव्हा स्पीकर तिथून काढून आप्पांच्या उजव्या दाराशी, चांगल्या कानाजवळ बसवला.

*

पहिली फेरी अणदूरच्या खंडोबाला ठरली. मागच्या सीटवर मी आणि रफिक. धरणाकडे जाणारा माकणीचा फाटा आला तसे स्पीकरमधून काकूंचे अगदी हलके बोलणे उमटले. ‘री’ ही त्यांची नवऱ्याला घालायची कन्नड हाक.

“री, धरणाकडं घ्या की. पाणी बघू.”

“काय?” आप्पा म्हणाले.

“धरणाकडं.”

“काय म्हणालीस?”

काकू माइककडे सरकल्या. “धरणाकडं म्हणलं. किती दिवस झाले, गेलो न्हाय.”

“काय?”

रफिकने कपाळाला हात लावला आणि तो स्पीकरची वायर चाचपू लागला.

लोहाऱ्यात हा किस्सा आजही असा सांगतात की एवढा खटाटोप करूनही आप्पांना ऐकू आले नाही. बिचाऱ्यांना पुन्हा पुन्हा ‘काय’ विचारावे लागले. सांगणाऱ्यांची चूक एवढीच. पहिला ‘काय’ उच्चारण्यापूर्वीच आप्पांनी गाडी माकणीच्या रस्त्याला वळवली होती.