सत्तारभाईंच्या छत्रीवरचं वानर

“डाव्या अंगाले घे! अजून! अजून थोडं — विनू, आयकून राह्यला का? डाव्या अंगाले रे, बहिऱ्या!”

सत्तारभाई ओरडत होते. मान खिडकीबाहेर, तोंड गच्चीकडे, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. मागे खोलीत टीव्हीवर नुसत्या मुंग्या. आणि त्या मुंग्यांसमोर, खुर्चीवर रुमाल पसरून, नागपूरच्या केबल कंपनीचे साहेब बसलेले — टाय लावून, मे महिन्यात, मारेगावात!

इथवरची गोष्ट आमच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मीच पाठ करून दिली आहे. लग्नाच्या पंगतीत सांगितली, बारशात सांगितली, एसटी स्टँडवर तर इतकी रंगवून सांगितली की कंडक्टरने घंटी मारायची सोडून दिली आणि वणीची गाडी तशीच उभी राहिली. माझ्या गोष्टीत पुढे काय होतं? सत्तारभाईंना वाटतं, विनू — म्हणजे मी — गच्चीवर आहे. आणि गच्चीवर केबलच्या छत्रीत बसलेलं असतं एक वानर — म्हशीएवढं — शेपटी खाली सोडून मजेत झोके घेतंय. खालून आवाज येतो “डाव्या अंगाले”, वानर उजवीकडे झुकतं. इथे मी वानर करून दाखवतो. लोक पोट धरून लोळतात.

ते वानर नव्हतं. कधीच नव्हतं.

एक माणूस सोडला तर हे मी आजवर कुणाला बोललो नाही — बायकोला नाही, देवापुढेसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही त्या पंगतीत नव्हता, म्हणून असेल. बसा जरा.

आधी मी कोण होतो ते ऐका. आमच्या घरात सगळे टेबलामागे बसणारे. आजोबा कचेरीत, वडील तहसीलमध्ये बाबू, काका कोर्टात. मी तेवढा केबलवाला होऊन खांबावर चढलो! वडिलांनी बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पण भाऊ, त्या काळी मारेगावात आकाश दिसत नव्हतं इतक्या माझ्या वायरी होत्या. चिमण्यांना उडायला जागा नव्हती. त्या वायरीवरून पायी जात. अर्धं गाव माझं, अर्धं सत्तारभाईंचं.

पिक्चर माझा कसा? खरं सांगू — हिरोइन आणि तिची सासू यांतला फरक कळायचा नाही. सत्तारभाईंचा पिक्चर म्हणजे विहिरीचं पाणी. बातम्या देणाऱ्याने दाढी नीट केली की नाही, हे त्यांच्या गिऱ्हाइकांना सकाळीच कळे. आधी ते बाजारातल्या टपरीत रेडिओ दुरुस्त करायचे. हाताला कान होते त्या माणसाच्या. मला काम शिकवलं तेही त्यांनीच. वायर सोलायला, जोड मारायला, छत्री फिरवायला. छत्री म्हणजे आमच्या बोलीत डिश — ती हल्लीची ताटलीएवढी नव्हे, बैलगाडी आत मावेल एवढी जाळीची थाळी. दोन बोटं हलली की सगळे चॅनल गुल, आणि बोल्ट ढिला झाल्याशिवाय ती जागची हलत नसे.

आणि छत्री एकट्याने लागत नाही, हे लक्षात ठेवा. एक माणूस वर, फिरवायला. एक खाली टीव्हीपुढे, ओरडायला. आलं — गेलं — आलं — बस! म्हणून आमच्यात एक रीत होती. रस्त्यावर आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायचो, शिव्या घालायचो, एकदा तर एकाच खांबावर दोघं चढून भांडलो. पण कुणाची छत्री वाऱ्याने हलली की दुसऱ्याने जायचं. न विचारता. खांबावरून पडून सत्तारभाईंचा पाय अधू झाला, तेव्हापासून त्यांच्या गच्चीवर मीच चढे. ते खालून ओरडत. आणि शेवटी दरवेळी, न चुकता: “उतरायच्या आंधी बोल्ट कस, बाबूच्या पोट्ट्या! ढिल्ली छत्री सोडून येशीन तं तंगडी तोडीन.” इतक्यांदा ऐकलं की हाताला सवयच जडली. आजही मी बादली भरली की नळ दोनदा पिळतो.

तर ते कापसाचे वाईट दिवस. कापूस घराघरांत पडून, विकलेल्याचा चुकारा, म्हणजे पैसे, अडकलेला. माणूस हात आखडायला लागला की आधी पेपर बंद करतो, मग केबल. आमच्या दोघांच्या वायरी लोंबत होत्या, पण पलीकडचे टीव्ही एकेक करून बंद पडत होते. नागपूरच्या कंपनीने नेमकं हेच हेरलं. त्यांचा डाव सरळ होता: गावोगावचे केबलवाले थकले आहेत, आत्ताच शिरायचं. एका गावात एकच वायर. ज्याचा पिक्चर चांगला त्याला कंपनीचा माणूस करायचं, गाव त्याच्या हाती द्यायचं. दुसऱ्याने वायर गुंडाळून घरी जायचं.

निरोप आला की साहेब दोघांच्याही कंट्रोल रूम बघायला येतात. आधी सत्तारभाईंची, मग माझी. निकाल काय लागणार हे गावातल्या बकऱ्यांनाही ठाऊक होतं.

त्याच पहाटे वावटळ सुटली. आणि सत्तारभाईंची मोठी छत्री हलली.

त्यांनी निरोप धाडला. मी गेलो — आणि हे लिहून ठेवा — स्वच्छ मनाने गेलो. दोघांचं पोट याच्यावर, आज त्यांचं जाणार की माझं, हे माहीत असूनही त्या माणसाने मलाच बोलावलं. दुसऱ्या कुणाला बोलावता आलं नसतं का? त्यांना तसं सुचलंच नसेल. मी चढलो. जाळी तापलेली, हात भाजत होते. खालून त्यांचा आवाज: “आलं! गेलं! मांगं घे! आलं, आलं — बस! हालू नको! असा पिक्चर मी जिंदगीत नाही पाह्यला, विनू! कस!”

मी पाना उचलला. आणि वर मान केली तर वणी रस्त्यावर धूळ. धुळीत जीप. कंपनीची.

काय वाटलं तेव्हा? माझ्या डोक्यात पाप शिरलं, सैतान बोलला, असलं काही सांगू शकलो असतो. मी तर एरवी काहीही सांगतो. तसलं काही झालं नाही. मला फक्त माझ्या खोलीतला तो सासू-सून पिक्चर दिसला. मी छत्रीच्या कडेला खांदा लावला आणि दोन बोटं सरकवली.

बस. दोन बोटं.

मग पाना लावून बोल्ट घट्ट कसला. का कसला? सवय. मागच्या शिडीने आवाज न करता उतरलो, स्कूटर ढकलत गल्लीबाहेर नेली आणि मग किक मारली.

तिकडे साहेब सत्तारभाईंच्या दारात उतरले. आणि सत्तारभाई खिडकीतून ओरडायला लागले — डाव्या अंगाले घे, अजून, अजून — रिकाम्या गच्चीला. त्यांना शिडी चढता येत नव्हती. मी वर आहे या भरवशावर ते ओरडत राहिले. साहेबांनी पाहुण्यासारखी वाट बघितली, सरबत प्याले, रुमाल उचलला आणि निघाले.

आता पुढचं ऐका, कारण इथून पुढे मी जे केलं ते अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कुणी केलेलं नाही!

साहेब माझ्याकडे आले. मुंग्या बघून आलेल्या माणसाला माझा पिक्चर म्हणजे साक्षात स्वर्ग. “व्हेरी क्लियर!” म्हणाले. खिशातून पेन काढलं. दुसरा असता तर तिथेच सही ठोकून पाया पडला असता. मी? मी जांभई दिली.

“सायेब, सही करतो,” मी म्हटलं, “पण ते समोरचे पाहुणे केव्हाचे थांबून आहेत. त्यांचं आयकून घेतो आंधी.”

समोर चहाच्या हॉटेलात माझा साळा बसला होता. वडिलांचा कोट, कोर्टातल्या काकांचा टाय, मांडीवर माझ्या लग्नातली सूटकेस. त्याला मी सकाळीच बसवून ठेवला होता — म्हणजे बघा, छत्रीचं ठरवलं नव्हतं, पण साळ्याचं ठरवलं होतं. लुच्चेगिरी माझ्या अंगात आधीपासून होतीच. हैदराबादच्या कंपनीचा माणूस, असं मी फक्त भुवईने सांगितलं. तोंडाने एक शब्द खोटा बोललो नाही. साळ्याने बशीतला चहा असा काही फुरकला की साहेबांना घाम फुटला. हैदराबादी माणूस बशीतून पितो का? नागपूरच्या साहेबांना काय माहीत!

मग मी मागत गेलो आणि ते देत गेले. त्यांना माझा लोकल चॅनल बंद करायचा होता. मी म्हटलं, सायेब, त्याच्या खालच्या पट्टीवर रोज कापसाचा भाव फिरतो. भाव पडलेला असो, लोक तो बघायला टीव्ही लावतात. ती पट्टी गेली तर तुमच्या सगळ्या नट्या आल्या तरी वायर कोणी घेणार नाही. चॅनल राहिला! चुकारा येईपर्यंत कुणाची वायर कापायची नाही — मान्य! नवी मशिनं कंपनीची, नाव माझं — मान्य! शेवटी साहेबच मला विचारत होते, “और कुछ?” मी म्हटलं, तुमचा टाय आवडला. दिला हो त्यांनी काढून! खोटं वाटतं? घरी कपाटात आहे, साळ्याला विचारा.

त्या दिवशी मारेगावात डफडं वाजलं. गुलाल इतका उधळला की गावातल्या पांढऱ्या गाई दिवाळीपर्यंत गुलाबी होत्या. वडिलांनी पहिल्यांदा पाठीवर हात ठेवला. नंतर मी शेजारच्या झरी तालुक्यापर्यंत वायर नेली, नागपूरकरांना वर्षानुवर्षं नाचवलं, आणि शेवटी कंपनी बुडाली तेव्हा मी तरंगतच होतो. मी जिंकलो होतो, भाऊ. आजही तो दिवस आठवला की छाती फुगते. ते खोटं कशाला सांगू?

मिरवणुकीत सत्तारभाई आले होते. पाय ओढत. मला गुलाल लावला. कुणीतरी विचारलं, भाई, ऐन वेळी छत्रीले काय झालं? त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या तोंडातून पहिल्यांदा ते वानर बाहेर पडलं. मी बरोबर लावून उतरलो होतो, म्हटलं, मग हे एवढं थोरलं वानर येऊन बसलं! लोक हसले. सत्तारभाईही हसले. तेव्हापासून दर वर्षी ते वानर वाढत गेलं.

त्यांनी वायरी उतरवल्या. त्यांची गिऱ्हाइकं माझ्या खांबांवर आली. ते परत मिक्सर-पंखे दुरुस्त करायला बसले, बाजारातल्या त्याच जुन्या टपरीत. आणि माझी छत्री हलली की — ऐका हं — माझी छत्री हलली की मी निरोप धाडायचो आणि ते यायचे. खाली टीव्हीपुढे बसायचे, मी वरून फिरवायचो. आलं, गेलं, बस, कस. एकदाही नाही म्हणाले नाहीत. मी वर असताना माझ्या मनात काय चाललेलं असेल असं तुम्हाला वाटतं? काही नाही. पुढच्या पंगतीत वानराला टोपी घालावी की चष्मा, एवढंच.

आता छत्र्या भंगारात गेल्या. माझी म्हशीच्या गोठ्यावर पालथी घातली आहे. मागच्या महिन्यात सत्तारभाईंच्या नातीचं लग्न झालं. जेवणं आटोपल्यावर त्यांनीच हाक मारली: “विनू, सांग रे पाहुण्यायले — वानराची!” मी उठलो. अशी सांगितली, अशी सांगितली की नवरदेव सेहऱ्यासकट गादीवरून घसरला. आणि वानर करून दाखवताना, हात वर, शेपटी काल्पनिक, माझी नजर सत्तारभाईंवर गेली. सगळे माझ्या शेपटीकडे बघत होते. ते एकटे माझ्या हातांकडे बघत होते. हसत होते, पण हातांकडे बघत.

दुसऱ्या दिवशी दुपारी टपरीवर गेलो. ते मिक्सर उघडून बसले होते. मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं — जीप, खांदा, दोन बोटं, मागची शिडी. गोष्ट रंगवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न रंगवता सांगितलं, आणि ते एवढंसंच निघालं. माफी मागितली नाही. कशाच्या तोंडाने मागायची? गुलाल तर अजून मला गोडच लागतो.

त्यांनी मिक्सरचं भांडं फिरवून पाहिलं, फुंकर मारली.

“मले त्याच दिवशी मालूम झालतं,” ते म्हणाले. “शेजारचा पोट्टा वर धाडला. बोल्ट कसेल होता.”