क्लोव्हेलीची ओटी

मधुताई खांबेट्यांना पॅरिस आवडलं नव्हतं. आयफेल टॉवरखाली उभं राहून, मान वर करून करून ती दुखायला लागल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, "अहो, सगळं ठीक आहे, पण इथली देवी कुठे आहे?" उदयकाका भूलतज्ज्ञ. जन्मभर दुसऱ्यांना झोपवलेलं, त्यामुळे बायकोच्या कुठल्याच प्रश्नानं ते दचकायचे नाहीत. "थांब, विचारतो," म्हणाले आणि खरंच तिकीटखिडकीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. ही गोष्ट लंडनच्या कडेला आमच्या स्टॅनमोरमध्ये इतक्या वेळा सांगून झालीये की दर वेळी तिला नवं शेपूट फुटतं. पण त्यानंतर खांबेटे नवरा-बायको पुन्हा मोठ्या शहराच्या वाटेला गेले नाहीत, एवढं खरं.

त्यांना वेड छोट्या गावांचं. फ्रान्समधलं रिकवीर, ऑस्ट्रियातलं हालश्टाट, हॉलंडमधलं गीथूर्न, इकडे यॉर्कशरमधलं रॉबिन हूड्स बे. काकांची गावाची व्याख्या सोपी होती. थर्मासमधला चहा निवायच्या आत पायी बघून होतं ते गाव. मधुताईंचं म्हणणं वेगळं. गावात शिरलं की आधी ग्रामदेवतेला भेटायचं, तिची ओटी भरायची, मग काय ते फोटोबिटो. आता युरोपातल्या गावात ग्रामदेवता कुठली, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "जी असेल ती." म्हणजे बहुतेक ठिकाणी चर्चमधली मेरी. चर्चला कुलूप असलं तर गावची नदी. नारळ वेम्बलीचा, ईलिंग रोडवरून कानाशी हलवून, पाणी वाजतंय ना ते बघून आणलेला. खण, तांदूळ, हळकुंड घरचं. देवधर्माशी काकांचा काडीचा संबंध नव्हता, पण डिकीत स्टेपनी आणि नारळ या दोन गोष्टी असल्याशिवाय ते गाडी बाहेर काढत नसत.

हालश्टाटला चर्च झाडणारी बाई नारळ घेऊन यांच्या मागे धावत आली होती, सामान विसरलं म्हणून. तिला काही समजावता येईना. मधुताईंना जर्मन येत नव्हतं आणि काकांना येत होतं ते फक्त जेवण मागवण्यापुरतं. शेवटी मधुताईंनी भर रस्त्यात त्या बाईचीच ओटी भरली. ती बिचारी एप्रन पसरून उभी राहिली आणि जाताना यांच्या हातावर दोन सफरचंदं ठेवून गेली. रॉबिन हूड्स बेला पायरीवर ठेवलेले तांदूळ सीगल्सनी यांच्या डोळ्यांदेखत फस्त केले. "पोचले," एवढंच मधुताई म्हणाल्या.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की बाई भाबडी असणार. अजिबात नाही. मधुताई स्वतः डॉक्टर, इथल्या हॉस्पिटलात प्रसूती विभागात रिटायर होईपर्यंत काम केलेलं. आमच्या इथल्या मराठी मंडळातली निम्मी पोरं त्यांच्या हातून जगात आलीत आणि त्यांतली बरीच अजून त्यांना टरकून असतात. एकदा मी छेडलं, "तुम्ही एवढ्या शिकलेल्या, आणि मेरीपुढे नारळ ठेवून गुण येतो का हो?" त्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ऋजुता, गुण येतो का हे औषधाला विचारायचं." मी त्यांच्या समोरच्या घरात राहते, एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला बसते, आणि माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या बाईपुढे माझं कधी काही चाललं नाही.

काका रिटायर झाल्यावर त्यांनी मंडळासाठी दर जूनमध्ये छोट्या गावांची सहल सुरू केली. एक कोच करायची, दोन दिवस जायचं. पाहता पाहता ओटी ही सहलीचीच रीत होऊन बसली. मधुताई पुढे, बाकीच्या बायका मागे, आणि पुरुष बाहेर आइसक्रीम खात उभे.

मग तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत काका ड्राइव्हवेवरचा बर्फ बाजूला करत असताना खाली बसले ते उठलेच नाहीत. मी खिडकीतून पाहिलं आणि तशीच स्लिपर्समध्ये धावले. मधुताई माझ्याआधी पोचल्या होत्या आणि बर्फात गुडघे टेकून त्यांच्या छातीवर दाब देत होत्या, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत. त्या रडत नव्हत्या. मोठ्यानं आकडे मोजत होत्या. तो आवाज माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या वर्षी सहल झाली नाही. मधुताई पहिल्यासारख्याच राहायच्या, टिकली लावायच्या, रंगीत साड्या नेसायच्या. कुणी काही बोललं नाही. पण पुढच्या जानेवारीत मंडळातल्या उल्काकडचं हळदीकुंकू होतं आणि तिचा त्यांना मेसेज गेला, "मधुताई, तुम्ही जरा उशिराच या, डायरेक्ट जेवायला." मधुताईंनी तो मला दाखवला. "किती विचारी मुलगी आहे बघ," म्हणाल्या आणि फोन पालथा ठेवला. त्या जेवायलाही गेल्या नाहीत.

मे महिन्यात मी सहलीचं काढलं. काकांच्या मनात डेव्हनमधलं क्लोव्हेली कधीपासून होतं. समुद्राकाठी कड्याला चिकटलेलं गाव, एकच दगडी उताराची वाट, गाड्यांना बंदी, सामान अजून घसरगाडीवरून ओढत नेतात. मधुताईंना आवडली कल्पना. रात्री मात्र त्यांचा फोन आला.

"ऋजुता, एक विचारू? तिथे ओटी मी भरू का गं?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. नेहमी सांगायच्या. मला इतकं वाईट वाटलं की मी ओरडलेच. "भरू का म्हणजे? तुम्हीच भरायची! दुसरं कोण भरणार?"

"बरं," त्या म्हणाल्या. "मला भरायची आहे. म्हणून विचारलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ईलिंग रोडला गेलो. त्यांनी पाच-सहा नारळ हलवून पाहिले, दुकानदाराशी हुज्जत घातली, एक निवडला. हिरवा खण घेतला. जुन्या मधुताई परत आल्यासारखं वाटलं आणि मी मनातल्या मनात ठरवून टाकलं की आता कुणी आडवं आलं तर मी बघून घेईन.

सहलीच्या दिवशी ब्रिस्टलच्या अलीकडे हायवेवरच्या सर्व्हिसेसला कोच थांबली तिथे मधुताईंचा मुलगा आरव भेटायला आला. तो तिथेच विमानांच्या इंजिनांचं काम करतो. आईला मिठी मारून म्हणाला, "आई, तू थकला दिसतोस. रिटर्नला माझ्याकडे राहा ना. बाबाचा रूम रेडी आहे." काका ब्रिस्टलला गेले की ज्या खोलीत झोपत ती अजून 'बाबाचा रूम' होती. मधुताईंनी त्याचं मराठी सुधारलं नाही. एरवी सोडलं नसतं.

क्लोव्हेलीला पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. वरून खाली पाहिलं की पांढरी घरं, खिडक्यांत फुलं, आणि तळाशी निळा समुद्र. काका असते तर लगेच थर्मास उघडला असता. उल्का पुढे आली. "मधुताई, उतार फार आहे हो. तुम्ही इथे वरच बसा ना, कॅफे छान आहे. आम्ही पटकन जाऊन येतो." बोलणं गोड. पण तिच्या हातातल्या पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलेली मला दिसली, आणि माझ्या कपाळाची शीर उडायला लागली.

"माझे गुडघे तुझ्यापेक्षा बरे आहेत," मधुताई म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

अर्ध्या वाटेवर एक लहानसं चॅपल आहे, चार बाकं मावतील एवढं. मधुताई दम खात पोचल्या तोवर उल्कानं दाराशी ताट मांडलं होतं आणि पूर्वी नावाची तिची नवी सून ते धरून उभी होती. ती इंग्लंडमध्येच जन्मलेली. तिला ताटातलं काय आणि कशासाठी, काही ठाऊक नव्हतं.

"मम्मी, बट हे मधुआंटीचा थिंग आहे ना?" ती मोठ्यानं म्हणाली. "मी का करते?"

"हळू बोल."

"नो, सीरियसली. आंटी का नाही करत?"

"अगं, काका गेले ना. सवाष्णीनं भरायची असते," उल्का कुजबुजली. पण त्या अरुंद वाटेवर कुजबुज कसली लपते? मधुताई तिच्या पाठीशीच होत्या.

मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. ही रीत कुणी सुरू केली, उल्काची दोन्ही पोरं कुणाच्या हातून झाली, तेव्हा तो हात चालला का, असं बरंच. येणारे-जाणारे गोरे लोक थबकून बघायला लागले. उल्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी काय त्यांचं वाईट चिंतलं का? माझी आई स्वतःहून बाजूला व्हायची. मला वाटलं, कुणी काही बोलायच्या आत आपणच सांभाळून घ्यावं." ती खोटं बोलत नव्हती, आणि त्यामुळेच मला जास्त राग आला. "बाजूला हो," मी म्हटलं. ती झाली. पूर्वीनं ताट मधुताईंच्या हातात दिलं. बाकीच्या बायका भिंतीला लागून उभ्या राहिल्या. मी जिंकले होते.

मधुताई आत गेल्या, मी त्यांच्या मागे. वेदीपुढे मेरी नव्हती, नुसता क्रूस आणि एका बरणीत रानफुलं. त्यांनी ताट पायरीवर ठेवलं, ओंजळीत तांदूळ घेतले आणि तशाच उभ्या राहिल्या. तांदूळ बोटांच्या फटींतून गळायला लागले तरी हात पुढे होईना. मला वाटलं, बाहेरच्या बोलण्याचा धक्का बसला असेल.

"मधुताई, तिचं मनावर घेऊ नका. तुमचा हक्क आहे."

"उल्काचं काही नाही गं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ओटी भरून मी काय मागायचे, माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं.

"मला ह्यांच्या आधी ने. दर गावात हेच. रिकवीरला, हालश्टाटला, नदीला, मेरीला. दुसरं कधी काही मागितलं नाही. आरवच्या परीक्षेसाठीसुद्धा नाही." त्या थांबल्या. "पुण्यबिण्य नको होतं मला. घाबरायचे, म्हणून. हे एकटे राहिले असते. स्वयंपाक येत होता, गाडी येत होती, कुणाशीही बोलायचे. मला बाळंतपणं करता येतात, ऋजुता. एकटीनं जेवता येत नाही."

बाहेर कुणीतरी खाकरलं. मी भांडून आणलेला तो हक्क त्यांच्या ओंजळीतून खाली सांडत होता, आणि मला आत्ता कुठे कळत होतं की मी त्यांना नेमकं कुठे आणून उभं केलंय.

"इतक्या गावांच्या इतक्या देव्या," त्या म्हणाल्या. "एकीनं तरी ऐकायचं. मला वाटलं होतं, इथे आले की राग जाईल. आपोआप दुसरं काहीतरी मागावंसं वाटेल. म्हणून मला भरायची होती. पण नाही गं सुचत काही. काय मागू?"

मी त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. त्या तेव्हा रडल्या, काका गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर, आवाज न करता, चष्मा न काढता. मीही रडले. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पूर्वीला हाक मारली. ती बावरून आत आली. मधुताईंनी तिच्या हातांची ओंजळ करून तीत उरलेले तांदूळ ओतले, नारळ कसा धरायचा, शेंडी कुठे करायची ते दाखवलं.

"आणि आंटी, विश करायचं का? काय विश करू?"

"दोघं मिळून खूप गावं बघू दे, एवढंच माग," त्या म्हणाल्या. "आधी कोण, नंतर कोण, त्यात पडू नकोस."

पूर्वीनं डोळे मिटून ते इंग्लिशमध्ये मागितलं. उल्का दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं असावं, कारण परतीच्या वाटेवर ती मधुताईंचा हात धरून चालली. मधुताई ब्रिस्टलला उतरल्या. आरव त्यांची बॅग घेऊन पुढे गेला आणि त्या मागे वळून न बघता त्याच्यामागून गेल्या.

त्या आता तिथेच राहतात. स्टॅनमोरचं घर भाड्यानं दिलंय. मंडळाची सहल चालू आहे, या वर्षी आम्ही कॉट्सवोल्ड्समध्ये गेलो. मी दर वेळी त्यांना आग्रह करते आणि त्या दर वेळी गुडघ्यांचं कारण सांगतात, जे खोटं आहे हे आम्हा दोघींनाही माहीत असतं. गाव कसं होतं, नदी होती का, चहा कुठे घेतलात, हे मात्र खोदून खोदून विचारतात.

"फोटो पाठव हं," फोन ठेवताना म्हणतात. "गावाचे पाठव. देवळातले नको."