दाजींचा हंडा आणि प्रोसिडिंगची वही

आमच्या दाजींना जगाच्या पाठीवर कुठेही नेऊन सोडा, दुपारपर्यंत ते तिथे सभा भरवतील आणि संध्याकाळपर्यंत पाणी भरून ठेवतील. दाजी म्हणजे माझ्या चुलतबहिणीचे यजमान, धारूरकडच्या डोंगरातले. गावच्या दूध संस्थेचे ते कितीतरी वर्षं सचिव होते. मग लागोपाठ पावसाने दगा दिला, जनावरं छावणीला गेली, संस्थेचं दूध कॅनवरून कळशीवर आलं आणि एक दिवस दाराला कुलूप लागलं. दाजी मस्कतच्या एका लाँड्रीत कामाला निघाले. जाताना त्यांनी कपड्यांखेरीज दोनच वस्तू घेतल्या, असं ताई सांगते. एक, सभांचे ठराव लिहायची, संस्थेची अर्धी कोरी राहिलेली प्रोसिडिंगची वही. दुसरी, वडवणीच्या बाजारात घेतलेला स्टीलचा हंडा. कपडे हंड्यातच कोंबले होते. विमानतळावरच्या माणसाने हंडा सगळीकडून ठोकून बघितला आणि हे कशाला म्हणून विचारलं. दाजी म्हणाले, "पानी आया तो भरना पडता ना, साब."

मस्कतला पाणी 'येत' नसे, कारण ते कधी जातच नसे. नळ सोडला की धार सुरू, दिवसा नाही, रात्री नाही. ही गोष्ट दाजींना शेवटपर्यंत पटली नाही. हंडा, दोन बादल्या, तेलाचा रिकामा डबा, स्वयंपाकाची मोठी पातेली, सगळं भरून ते मोरीच्या वाटेवर ओळीने मांडून ठेवत आणि मगच निवांत होत. मी पुढे त्यांच्याच खोलीवर राहायला गेलो. मी हसलो की म्हणत, "आज हाय. उद्याचं कावून धरून चालावं?" लाँड्रीतून तर ते रोज एखाद्याच्या मयतीहून आल्यासारखे येत. एका चादरीला किती पाणी सोडतात ते हाताने दाखवत.

खोलीत आम्ही तिघं. दाजी, मी आणि केरळचा एक आचारी. एवढ्याशा खोलीचा कारभार दाजींनी संस्थेसारखा चालवला होता. भाजी कोणती करायची, पंखा कितीवर ठेवायचा, खिडकीशी कोणी झोपायचं, सगळ्याला ठराव. ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो. सूचक दाजी आणि अनुमोदक तो आचारी. त्याला मराठीतला 'अनुमोदन' हा एकच शब्द येत होता आणि तो शब्द तो उलथनं हातातलं न सोडता, अगदी वेळेवर म्हणायचा. एकदा त्याला स्वतःलाच महिनाभर भांडी घासायला लावणाऱ्या ठरावाला त्याने असंच अनुमोदन दिलं. दाजींनी ते पानावर चढवलं आणि कायदा म्हणजे कायदा म्हणून महिनाभर पाळायला लावलं.

मी गेलो होतो वायरमन म्हणून. इमारतींची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत जागा मिळाली होती आणि पोचल्यावर पाच दिवसांनी हजर व्हायचं होतं. आमचे आई-वडील दर साली दसरा झाला की कोयता घेऊन ऊस तोडायला जायचे. यंदा मी त्यांना शपथ घालून थांबवलं होतं. नोकरी लागली की घरीच बसायचं, असं ठरलं होतं. ऊसतोडीचा मुकादम आमच्या दाराशी दोनदा येऊन गेला होता आणि आईने त्याला "पोराचं कळू द्या" एवढंच सांगून ठेवलं होतं. म्हणजे ते दोघं उसाच्या फडात जाणार की घरी राहणार, हे माझ्या कामावर होतं. आणि चौथ्या दिवशी पहाटे, डोळे चोळत मोरीकडे जाताना मी दाजींच्या भरल्या हंड्यावर आपटलो. खोलीत पाणीच पाणी झालं आणि माझ्या उजव्या घोट्याचं हाड मोडलं. वेदनेनं माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती, तरी दाजी आधी हंडा उभा करताना मला दिसले. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही.

प्लास्टर चढलं. कंपनीचा सुपरवायझर खोलीवर येऊन पाय बघून गेला. प्लास्टर निघाल्यावर तीन आठवडे देतो, म्हणाला, मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावून शिडी चढून दाखवायची. नाहीतर परतीचं तिकीट. त्याच संध्याकाळी दाजींनी माझ्या खाटेशी सभा लावली आणि ठराव वाचला. "श्री. मेव्हणे हे अडखळून पडल्याने त्यांच्या पायास इजा झाली, सबब ते कामावर हजर होईपर्यंत त्यांचं जेवणखाण व सेवा संस्थेनं करावी." अनुमोदन आलं. मी विचारलं, "अडखळून पडले, पण कशाला अडखळून? ते लिहा की." दाजींनी पेनाला टोपण लावलं. "लिवलं त्येवढं पुरं हाय, पाव्हणं."

सेवा मात्र त्यांनी केली. मला आंघोळ घातली, लाँड्रीतून सुटले की धावत येऊन चहा केला, पायाखाली उशी घातली. आईचा फोन आला आणि माझा आवाज फुटायला लागला की फोन काढून घेत. "लागलं की काम, काकू. उभ्यानं काम हाय, जरा दमतंय पोरगं. पक्कं झालं की कळवतो, तवर मुकादमाला थांबवा." मी अजून एक पाऊल टाकलं नव्हतं आणि हे तिकडे मला कामावर चढवून मोकळे. रात्रभर मला झोप लागली नाही. आता पाय बरा झाला नाही तर आईला तोंड कसं दाखवायचं?

प्लास्टर निघालं तेव्हा पाय काठीसारखा वाळला होता. आमची खोली चौथ्या मजल्यावर. दाजी मला रोज जिना चढायला लावत. प्रत्येक मजला म्हणजे धारूरच्या घाटाचं एक वळण, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "ह्ये दुसरं वळण झालं. आता थांबू नगा, बस निघून जाईल." चढताना ते नेहमी माझ्या एक पायरी मागे असत. मागे कावून, म्हणून एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाले, "पडलात तर माझ्या अंगावर पडताल." मी कठडा धरून पुढची पायरी चढलो.

शिडीच्या दिवशी चौथ्या पायरीवर घोट्यातून कळ आली. मी दात आवळले, वर गेलो, दिव्याचा होल्डर बदलला आणि खाली उतरलो. सुपरवायझर म्हणाला, उद्यापासून ये. बाहेर येऊन मी आधी आईला फोन केला आणि काम पक्कं झाल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मग मुकादमाला न्हाई म्हून सांगते बाबा." मी तिथेच पायरीवर बसलो. किती दिवसांनी छाती मोकळी झाली होती.

संध्याकाळी दाजींनी सभा बोलावली. मला वाटलं, अभिनंदनाचा ठराव असेल. पण विषय क्रमांक एक निघाला मागील सभांचं प्रोसिडिंग वाचून कायम करण्याचा. माझ्या अपघाताचंच पान त्यांनी वाचलं आणि 'अडखळून' या शब्दावर थांबले. म्हणाले, "हितं दुरुस्ती हाय. 'वाटंत ठेवलेल्या हंड्याला अडखळून' असं वाचावं. हंडा सचिवाचा होता. चूक सचिवाची." मान खालीच होती. आचाऱ्याने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात अनुमोदन म्हणाला. मी म्हणालो, "मंजूर, दाजी." माझा राग तर जिन्यातच कुठेतरी गळून पडला होता.

पाणी भरणं काही सुटलं नाही. फक्त त्या दिवसापासून भांडी मोरीच्या वाटेवरून उठली आणि दाजींच्या खाटेखाली गेली. ते पाण्यावरच झोपायचे.

आता ते गावी परतलेत. वही घेऊन गेले, हंडा माझ्याकडे ठेवला. परतताना एवढं सामान चालत नाही म्हणाले, जसं काही येताना चाललंच नव्हतं. फोनवर माझ्या पायाचं विचारायच्या आधी विचारतात, "नळाला पाणी हाय का?" मी हाय म्हणतो. "मग बरंय," म्हणतात आणि तेव्हा कुठे पायाचं विचारतात. हंडा माझ्या खाटेखाली आहे. नळ कधी जात नाही, मलाही ते ठाऊक आहे. तरी सुट्टीच्या दिवशी मी त्यातलं पाणी बदलतो.