आमच्यात ‘चाललो’च म्हणत्यात

आमच्या मेहुण्याइतका फुकटात मोठा झालेला माणूस चंदगडापासून शिरोळपर्यंत अख्खा जिल्हा पालथा घातला तरी सापडायचा नाही. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. स्टेजवर एकटाच माइक घेऊन उभा राहतो, तासभर घरच्यांची अब्रू वेशीला टांगतो आणि लोक तिकीट काढून ती बघायला येतात. शिवाय मालिकेत हवालदार, सिनेमात हिरोचा मित्र. परवा तर केसांच्या तेलाच्या जाहिरातीत दिसला, आणि त्याला केस किती आहेत ते मला विचारा. लोक म्हणतात, तुम्ही जळता. जळतो! का जळू नये? बँकेतली नोकरी सांभाळून मी नाटकं लिहिली, बसवली, पदरमोड करून गावोगाव नेली, आणि आज कोल्हापुरात माझी ओळख काय? तर ‘त्यांचे दाजी’.

बरं, हा मोठा झाला कशावर? एका चुकीवर. आणि ती चूक झाली माझ्या नाटकात. त्यासाठी आधी एक सांगायला हवं. आमच्याकडच्या बायका ‘मी आले, मी गेले’ असलं नाजूक बोलत नाहीत. ‘मी आलो, मी जेवलो, मी दमलो, आता च्या तुम्ही करा,’ असं रोखठोक बोलतात. आमच्या सासूबाई गडमुडशिंगीच्या. त्यांचा आवाज असा, की त्या परसात ‘मी हाय हितं’ म्हणाल्या तर पलीकडच्या गल्लीतली म्हैस मान वर करते. मेहुणा लहानपणापासून त्यांची हुबेहूब नक्कल करायचा. बाईचा दुसरा आवाज त्याला काढताच यायचा नाही.

माझं नाटक म्हणजे शोकांतिका. पुण्याच्या स्पर्धेत प्रयोग होता. पहिला अंक असा रंगला, की पुढच्या रांगेत दोघी पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. मध्यंतरात आमच्या नायिकेचा घसा बसला. बाई बोलायला तोंड उघडायच्या आणि आतून नुसता खरखर आवाज यायचा. शेवटच्या प्रवेशात नायिका आजारी, डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेली आणि मरायलाच टेकलेली. मेहुणा विंगेतून प्रॉम्प्टिंग करायचा, सगळं नाटक त्याला तोंडपाठ. म्हटलं, बाईंच्या जागी यालाच पांघरुणात घालू, कुणाला कळतंय! वाक्यही एकच होतं. ‘मी चालले, अनंताच्या प्रवासाला!’ की मान टाकायची. थिएटर चिडीचूप. आणि पांघरुणातून आमच्या सासूबाईंच्या आवाजात आलं, “मी चाललो, अनंताच्या प्रवासाला!”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. अहो, तेवढ्यावर निभावलं असतं. पण मला राहवेना. नायिकेचा नवरा मीच झालो होतो; तिच्या उशाशी बसल्या बसल्या दात आवळून पुटपुटलो, “चालले म्हण, चालले!” तर हा मेलेला माणूस पांघरूण फेकून ताडकन उठून बसला, मिशीसकट, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “आमच्यात चाललोच म्हणत्यात की ओ दाजी!”

पुढचं काय सांगू? पडदा पडला तरी हशा थांबेना. परीक्षकांनी माझ्या शोकांतिकेला विनोदी अभिनयाचं बक्षीस दिलं, तेही त्याला. तिथंच कुणीतरी त्याला हेरलं. पुण्यात कार्यक्रम सुरू झाले, मग मुंबई. आणि त्याचा हुकमी आयटम ठरला ‘आमची आई’. मी मात्र त्यानंतर नाटक लिहिलं नाही. लिहायला बसलो की कानात तो हशा सुरू व्हायचा.

माणूस म्हणून बघाल तर निव्वळ तऱ्हा. रस्त्यात भेटला की आधी विनोद सांगणार आणि मग तोंडाजवळ तोंड आणून विचारणार, “खरं हासलासा, का नुसतं दात दावलासा?” एकदा सिग्नल तोडला म्हणून हवालदारानं अडवला. हवालदार डाफरला, “कुठं उलथायला निघालायस रं?” याचे डोळे लकाकले. मोबाईल पुढं धरून म्हणतो, “साहेब, परत एकदा म्हणा की. ते ‘उलथायला’ जरा लांबवून!” हवालदार आधी चक्रावला, मग खुलला आणि त्यानं तीन तऱ्हांनी म्हणून दाखवलं. दंड? नाव नाही! मी हेल्मेट विसरलो होतो तेव्हा मला मात्र पावती. बायकोशी याचं भांडण जुंपलं की मधेच म्हणतो, “थांब, ह्ये झ्याक हाय, परत म्हण,” आणि त्या माउलीला हसू फुटतं. माझी बायको भांडणात कधी हसल्याचं मला आठवत नाही. मयताला गेला तर चौथ्या मिनिटाला माणसं तोंडाला रुमाल लावून घराबाहेर येतात. सुतकाच्या घरातून याचं पाऊल निघेना, कारण घरचेच म्हणतात, “बसा की जरा, बरं वाटतंय.”

लग्नात तर माझी पार माती होते. गर्दी याच्याभोवती. कुणीतरी माझ्या हातात मोबाईल देतं, “पावणं, आमचा जरा ह्यांच्यासंगं फोटो काढा की.” मी काढतो. एकदा मुद्दाम त्याचं डोकं कापलं, तर लोक म्हणाले, काय भारी आलाय!

गेल्या वर्षी त्याचा कार्यक्रम कोल्हापुरात लागला. सासूबाईंनी ‘आमची आई’ कधी पाहिलं नव्हतं. पोरगं ‘शिरेलीत काम करतंय’ एवढंच त्यांना ठाऊक. माझ्या मनात आलं, हीच वेळ! मी स्वतः रिक्षा करून त्यांना आणलं आणि थेट पहिल्या रांगेत बसवलं. चारचौघांत आपली थट्टा ऐकून म्हातारी पायताण काढणार, आणि तो आयटम आज कायमचा बंद पडणार, याची मला खात्री होती. मी आतून गुदगुल्या झाल्यासारखा बसलो होतो.

मेहुणा पदर घेतल्यासारखा गमछा डोक्यावर घेऊन उभा राहिला. पावण्यांच्या घरून निघणारी आई. “बरं, मी येतो,” म्हणाला आणि खुर्चीवर फतकल मारून बसला. हशा. परत “येतो,” परत बसला. आणखी हशा. तेवढ्यात माझ्या शेजारून तोफ सुटली, “ए! चुकलास!”

सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

“मी येतो म्हटलो की बसत न्हाय रं! दारात उभाच ऱ्हातो. बसलो की च्या मागायला लागतो. उभा ऱ्हायलो की घरच्या बायका आपसूक च्या ठेवत्यात! आनि माझी नक्कल करतोयस व्हय? सातवीपतोर माझ्या पदराबिगर झोपत न्हवतास, ते सांग की ह्यास्नी!”

हॉल कोसळायचा बाकी राहिला. “आजी, वन्स मोर!” आणि आजीही काय, थांबायला तयार नाहीत. मेहुणा माइक घेऊन उभा. तो हसत होता, पण ते हसू मला चांगलं ओळखू येत होतं. लग्नात फोटो काढताना माझ्या तोंडावर तेच असतं.

कार्यक्रम संपल्यावर मी आत गेलो. टोमणा तयार होता. तो बाकड्यावर एकटाच बसला होता, गमछा गळ्यात. बाहेर लोक आईसोबत फोटो काढत होते.

“आईनं खाल्लं की मला, दाजी,” तो म्हणाला. “माझंच स्टेज, माझीच माणसं, आनि मी नुसता हुबा. लई वंगाळ वाटतं ओ.”

तो गमछ्याचं टोक पिळत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, “पुन्यात तुमीबी असंच हुबं ऱ्हायला हुतासा न्हवं?”

इतक्या वर्षांत हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. बायकोनं विचारलं नव्हतं, कुणीच विचारलं नव्हतं. या प्रश्नाला देण्यासाठी मी केवढी भाषणं घोकून ठेवली होती! त्यातलं एकही आठवेना.

“उभा कुठला,” मी म्हटलं. “गुडघे टेकून तुझा हात धरून बसलो होतो. तू माझी बायको होतास.”

उभ्या आयुष्यात त्याच्यासमोर माझ्या तोंडून गेलेला हा एकमेव बरा विनोद. तो हसला नाही. बाजूला सरकला आणि बाकड्यावर मला जागा दिली.