करड्या पडद्यावरचा साप

हिंगणीच्या तानबाकडे सापांचं एक जाडजूड पुस्तक होतं. चौऱ्याण्णव साली बदली होऊन जाताना एका फॉरेस्ट साहेबाने ते दिलेलं. तानबा बोरच्या जंगलात रोजंदारीवर वाचमन. शाळा चौथीपर्यंत, पण त्यातला प्रत्येक रंगीत फोटो त्याच्या डोळ्यांसमोर असायचा. कोणाला साप चावला की लोक गाडी शोधायच्या आधी तानबाच्या ओसरीवर यायचे. तो स्वतः सापाचं नाव कधी घ्यायचा नाही. पुस्तक मांडीवर उघडायचा आणि ज्याने साप पाहिला त्याला म्हणायचा, "बोट ठेव." बोट नागावर पडलं तर धावपळ. धामणीवर किंवा कवड्यावर पडलं तर तानबा हसून म्हणायचा, "जा घरी. जेव अन् झोप."

पंधरा वर्षांत पुस्तकाची शिवण उसवली. दोन हजार नऊच्या दिवाळीत पुतण्या पियुष पुण्याहून आला. त्याने एकेक पान स्कॅन करून ई-रीडरमध्ये घातलं.

"काका, सारं पुस्तक हाये यात. खिशात मावते."

"रंग कुठी गेले रे?"

"यात रंग नसते. सोळा छटा हायेत, साऱ्या करड्या. चित्र तं तेच हाये ना?"

चुलीपाशी बसलेली शकुबाई नवऱ्याला म्हणाली, "तुमाले कायले पायजे रंग? साप का लग्नाले चालला?"

तानबाही हसला. पुस्तक ट्रंकेत गेलं, यंत्र खिशात.

महिन्याभराने तो आणि त्याची मुलगी जया कापूस वेचायला आर्वीजवळ रूपरावच्या शेतावर गेले. रूपराव म्हणजे शकुबाईचा भाऊ. दुपारी चुलीसाठी ढिगातून पऱ्हाट्या, कापसाची वाळकी झाडं, उपसताना जयाने हात झटकला.

"बाबा, काई तरी चावलं. पट्ट्यापट्ट्याचं होतं. बांधात गेलं."

तानबा वेचणी टाकून तिच्यापाशी आला. पट्ट्यांचे साप दोन. एक कवड्या, बिनविषारी. दुसरी मण्यार.

"दुखून राह्यलं का?"

"नाई. मुंगी चावल्यावानी."

मण्यारीचा चावाही दुखत नाही, नुसती झोप येते आणि पापण्या जड होतात, हे तानबाला ठाऊक होतं. आत्ता पोरगी किंचाळली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मोटरसायकल काढू का, भाटवे?" रूपरावने मेहुण्याला विचारलं.

"थांब जरा. पाहू दे."

त्याने यंत्र काढलं. कवड्या उघडला, मग मण्यार. "बोट ठेव, जया."

जयाचं बोट पडद्यावर फिरलं आणि थांबलं. "दोनी सारखेच दिसते."

खरंच सारखेच दिसत होते. पुस्तकात एक तपकिरी होता, दुसरी निळसर काळी. इथे दोघांचं अंग राखेसारखं. तानबाने चित्र मोठं केलं, पुन्हा लहान केलं, परत मागे गेला. पट्टे मानेपासून होते की खालून? जया एकदा हो म्हणाली, एकदा नाही. त्याचा अंगठा घामाने घसरत होता. एवढ्यात जयाने जांभई दिली. तानबाने मान वर केली. सावली पऱ्हाट्यांच्या ढिगावरून खाली उतरली होती. पाऊण तास गेला होता.

"रूपराव, गाडी."

मोटरसायकलवर जया मधे, तानबा मागे. "बोलत राह्य. झोपू नको. मामाच्या बैलायचे नावं सांग."

"बाबा, मी उन्हानं जांभई देल्ली."

"तरी सांग."

आर्वीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कोणता साप?"

"मले नाई सांगता येत, साहेब."

रात्रभर तो तिच्या पापण्यांकडे बघत बसला. दुसऱ्या संध्याकाळी डॉक्टरांनी तिला घरी सोडलं. तिला काहीच झालं नव्हतं.

हिंगणीला पोचताच त्याने ट्रंकेतून पुस्तक काढलं. रंगीत पानं तिच्यापुढे धरली. "आता ठेव बोट."

जयाचं बोट तपकिरीवर गेलं, मग काळ्यावर, मग दोन्ही फोटोंच्या मधे अधांतरी राहिलं. "बाबा, खरं सांगू? तुमी म्हणता म्हणून ठेवतो आमी बोट. साप दिसला का माणूस पळते. रंग कोण पाह्यते?"

यंत्राचा राग करून तो इथवर आला होता. आता राग कुठे ठेवावा ते कळेना. पंधरा वर्षांत ज्यांना घरी पाठवलं, त्यांची तोंडं एकेक करून समोर येऊ लागली. आठवडाभर तो कारण न सांगता त्यांच्या दारावरून जाऊन आला. माणूस अंगणात दिसला की परतायचा.

आनंदाबाईच्या अंगणात माणूस नव्हता. तिचा नवरा चिंधू पाच वर्षांपूर्वी झोपेतच गेला होता. हार्ट अटॅक, असं सगळे म्हणाले.

"वहिनी, चिंधूभाऊ पुस्तक पाहाले माह्याकडे आलते ना, ते कवा?"

"त्याच सांजेले तं. तुमी म्हणालते काई नाई, घरी जाय. किती हासत आले." आनंदाबाईने डोळ्याला पदर लावला. "तेवढं तरी बरं झालं भाऊ, भेव नाई वाटलं त्यायले."

 

उन्हाळ्यात हिंगणीतला एक माणूस पायाला फडकं बांधून ओसरीवर आला आणि म्हणाला, "तानबा, पुस्तक काढ, नाई तं ते नवं यंत्र." तानबाने दोन्हींतलं काहीच काढलं नाही. त्याला दंडाला धरून सडकेवर नेलं आणि येणाऱ्या पहिल्या जीपसमोर हात आडवे करून उभा राहिला.

"अरे पण कोणता होता ते तं पाह्य," तो माणूस म्हणत होता. "कवड्याच होता, मी पाह्यला."

"बस गाडीत," तानबा म्हणाला.