हळदीचा फोटोतला रंग

"आपल्या हळदीचा रंग फोटोत दिसूनच नाही राह्यला वं बाई," मामी शेजारणीला सांगत होती. मी नागवेलीची पानं पुसत होते, हात तसाच थांबला.

मामाच्या गावी, बोरी अरबला, मामेबहिणीचं म्हणजे ताईचं लग्न होतं. घरीच उखळात कुटलेली हळद तेलात कालवून परातीत तयार होती. रंग थोडा मातकट, पण वास खमंग. फोटोवाल्याने सहज एक फोटो काढून दाखवला आणि तेव्हापासून मामीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. तिने कपाटावरून दिवाळीच्या रांगोळीतलं उरलेलं पिवळ्याधमक रंगाचं पाकीट काढलं.

"दोन चमचे मिसळतो. पोरगी कशी झगमग दिसन पाय!"

साखरपुड्याआधी ताईने दारव्ह्याच्या बाजारातून गोरं होण्याचं क्रीम आणलं होतं. एक गाल असा सुजला की साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत ती दुसरा गाल पुढे करून बसलेली आहे. आता कुठे तो गाल पूर्वीसारखा झाला होता.

मी पाकीट हातात घेतलं. मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: फक्त सजावटीसाठी, त्वचेला लागू देऊ नये.

"काय वाचून राह्यली वं इंग्लिश मीडियम? पेपर हाय का उद्या?" मामी म्हणाली. साऱ्याजणी हसल्या. सवयीने मीही हसले. माझं मराठी पुस्तकातून उचलल्यासारखं वाटतं, असं या घरात सगळे म्हणतात. म्हणून मी इथे बहुतेक मानेनेच बोलते.

मामीने माझ्या हातातून पाकीट घेतलं आणि दातांनी कोपरा फाडला. पाटावर बसलेल्या ताईचं बोट त्याच गालावर गेलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

मी उठले. मांडीवरची पानं खाली सांडली. आवाज एवढा मोठा निघाला की मांडवात खुर्च्या लावणारेही वळून बघू लागले.

"मामी, थांब! ते रांगोळीचं हाय, ताईचं तोंड पुन्हा सुजन! तिले आपली हळदच लाव. रंग फोटोवाल्याले वाढवाले सांग, त्याले कम्प्युटरवर वाढवता येते!"